टक्कल आणि माथ्याचें रक्त

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण आपल्या आईला बरोबर घेऊन माझ्याकडे आला. नोकरी चांगली, प्रकृति धडधाकट, बोलणें अदबीचें. त्यानें हातांतली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. तींतून तेलाच्या सात बाटल्या, रबरी दांत्यांचा एक कंगवा आणि डोक्यावर बसवून विजेनें थरथरणारें एक यंत्र निघालें. "डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "हें सर्व मीं मन लावून वापरलें. शिवाय रोज पहाटे अर्धा तास शीर्षासन करतों. तरी केस जातातच. माझ्या डोक्याला रक्त कमी पडतें, असें मला सर्वांनीं सांगितलें. तें खरें आहे काय?"

त्याची आई इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, "ह्या यंत्रापायीं माझी एक पाटली गेली. त्याचें मला कांहीं नाहीं. पण हा दोन स्थळांना नाहीं म्हणून बसला आहे. आधीं केस येऊं देत, मग मुलगी पाहीन म्हणतो."

त्या वेळीं मला त्याला एका शब्दांत उत्तर देतां येईना. 'होय' म्हटलें असतें तर तो आठवी बाटली विकत घेता. आणि नुसतें 'नाहीं' म्हटलें असतें तर तेंहि पुरतें खरें झालें नसतें. आजचें हें भाषण म्हणजे त्या तरुणाच्या प्रश्नाचें सविस्तर उत्तर आहे. तें देण्याचा मला दुहेरी अधिकार आहे. एक तर त्वचेचे व केसांचे विकार हा माझा व्यवसाय. आणि दुसरें असें कीं, माझें स्वतःचें डोकें पस्तिशीच्या आंतच उघडें पडलें. ध्वनिक्षेपणांत तें आपणांस दिसत नाहीं, एवढेंच.

टकलाची चिंता कांहीं आजची नव्हे. ज्यूलियस सीझर आपले मागचे विरळ केस पुढें विंचरून आणीत असे, आणि डोक्यावर सदैव विजयमाला धारण करण्याचा मान त्याला इतर सर्व मानांपेक्षां अधिक आवडला, असें त्याचा चरित्रकार सुएटोनियस ह्यानें लिहून ठेवलें आहे. आपल्याकडे भर्तृहरीच्या नीतिशतकांतला टक्कल पडलेला मनुष्य उन्हानें पोळून झाडाच्या सावलींत जातो, आणि नेमकें तेथेंच त्याच्या डोक्यावर फळ पडतें, ही कथा बहुतेकांनीं शाळेंत ऐकली असेल. टक्कल असलेला मनुष्य सहसा दरिद्री नसतो, असें म्हणून आपल्या पूर्वजांनीं त्याचें थोडें समाधानहि केलें आहे. परंतु ज्याचे केस जात असतात, त्याला ह्या समाधानानें झोंप येत नाहीं. त्याला कारण हवें असतें, आणि कारणाहूनहि उपाय हवा असतो.

कारण शोधावयाचें तर प्रथम केस म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेंतल्या एका लहानशा पिशवींतून उगवतो. तिला आपण रोमकूप म्हणूं. ह्या कूपाच्या तळाशीं एक बारीक गांठ असते. तिच्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात आणि तिच्याच आज्ञेनें केस वाढतो. हे एक लाख केस एकाच वेळीं वाढत नाहींत. प्रत्येकाचें स्वतंत्र ऋतुचक्र असतें. दोन ते सहा वर्षें तो महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर ह्या गतीनें वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचें मूळ आक्रसतें. त्यापुढें सुमारें तीन महिने तो विश्रांति घेतो, आणि शेवटीं गळून त्याच्या जागीं नवा केस येतो. ह्यामुळें निरोगी माणसाचेहि रोज पन्नास ते शंभर केस गळतात. कंगव्यांत आलेला केस पाहून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. गळलेल्या केसाच्या जागीं कसला केस उगवतो, हा खरा प्रश्न आहे.

आणि येथेंच पुरुषी टकलाचें मर्म आहे. ह्या विकारांत केस उपटल्यासारखे नाहींसे होत नाहींत. ते पिढीगणिक खुजे होत जातात. पहिल्यानें पांच वर्षें वाढणारा जाड, काळा केस गळतो; त्याच्या जागीं दोन वर्षें वाढणारा बारीक केस येतो; त्याच्या पाठोपाठ कांहीं महिनेच टिकणारा, आणि अखेरीस लहान मुलाच्या अंगावर असते तशी फिकट लव. रोमकूप मेलेला नसतो, तो आक्रसलेला असतो. २०११ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं टकलाच्या जागेवरील त्वचा तपासली, तेव्हां केसांच्या मूळ पेशी तेथें बहुतेक पूर्वींइतक्याच आढळल्या. त्यांच्यापासून पुढें तयार व्हावयाच्या पेशी मात्र फार घटलेल्या होत्या. म्हणजे कोठारांत बियाणें आहे, पण पेरणी होत नाहीं.

हा ऱ्हास डोक्यावर वाटेल तसा पसरत नाहीं. त्याचा आराखडा ठरलेला असतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागें सरतात, माथ्यावर भोंवऱ्याच्या जागीं विरळ चकती पडते, मग हीं दोन्हीं मैदानें एकमेकांस मिळतात. पण कानांच्या वरची आणि मानेकडची महिरप शाबूत राहते. जेम्स हॅमिल्टन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९५१ सालीं ह्या आराखड्याचे प्रकार पाडले व नॉरवुड ह्यानें १९७५ सालीं ते सुधारले. आजहि वैद्य त्याच सात पायऱ्यांनीं टक्कल मोजतात. आपल्याकडे जिला चाई म्हणतात, ती निराळी. तींत रुपयाएवढा गुळगुळीत डाग एकाएकीं पडतो, आणि तो शरीराच्या संरक्षक पेशींनीं आपल्याच केसांच्या मुळांवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम असतो. विषमज्वरासारख्या मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनीं सर्व डोक्याचे केस भराभर गळतात, तेंहि निराळें. तें बहुधा आपोआप भरून येतें. आजचें आपलें बोलणें फक्त त्या आराखडेबंद पुरुषी टकलापुरतें आहे.

आतां त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊं. माथ्याला रक्त कमी पडतें म्हणून केस जातात, ही कल्पना फार जुनी आणि फार मोहक आहे. सुश्रुतसंहितेंत खालित्याचें वर्णन आहे, त्यांतहि रक्ताचा उल्लेख येतो. पित्त वातासह रोमकूपांत शिरून केस पाडतें, आणि मग रक्तासह कफ ते रोमकूप अडवून धरतो, म्हणून पुनः केस येत नाहींत, असा त्याचा आशय आहे. पुढें पाश्चात्त्य वैद्यांनीं शरीररचना पाहून दुसरी उपपत्ति मांडली. डोक्याच्या त्वचेखालीं, कपाळाच्या स्नायूपासून मागच्या स्नायूपर्यंत, ताडपत्रीसारखा एक चिवट पडदा ताणलेला असतो. माथ्यावर त्याच्याखालीं स्नायु नाहीं. रक्तवाहिन्या येतात त्या सगळ्या कडेनें. कपाळावरून दोन, कानशिलावरून एक, कानामागून एक आणि मानेकडून एक, अशा दोन्ही बाजूंनीं वर चढतात, आणि माथा हा त्यांचा शेवटचा मुक्काम. ज्या गांवाला पाणी सर्वांत शेवटीं पोंचतें, तेथेंच दुष्काळ पडावयाचा, असें कोणालाहि वाटेल. शिवाय टकलाचा नकाशा आणि ह्या पडद्याचा नकाशा पुष्कळसे एकमेकांवर बसतात. मग घट्ट टोपीवर दोष आला, पागोट्यावर आला, वाचनानें होणाऱ्या मस्तकाच्या ताणावरहि आला. टोपीचा खटला तर काळानेंच निकालांत काढला आहे. महाराष्ट्रांत टोपीशिवाय घराबाहेर पडणें असभ्य मानलें जाई त्या काळीं टक्कल होतें, आणि तीन पिढ्या उघड्या डोक्यानें हिंडल्यावरहि तें आहेच.

परंतु रक्ताचा खटला इतक्या सहज निकालांत निघत नाहीं. कारण त्याच्या बाजूनें खरा पुरावा आहे. १९८९ सालीं क्लेम्प आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं नुकतें टक्कल पडूं लागलेल्या पुरुषांच्या माथ्याच्या त्वचेखालील रक्तप्रवाह मोजला, तेव्हां तो केस शाबूत असलेल्या पुरुषांच्या मानानें सुमारें अडीचपट कमी भरला. १९९६ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं टकलाच्या जागीं त्वचेंतील प्राणवायूचें प्रमाण मोजलें. तेंहि कमी निघालें. हे आंकडे माझ्या तरुण मित्राला कोणी सांगितले असते, तर त्यानें शीर्षासन अर्ध्या तासाचें एक तास केलें असतें!

पण, श्रोतेहो, येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. शेतांत पीक उभें असलें म्हणजे शेतकरी पाटाचें पाणी सोडतो. पीक निघाल्यावर बारें बंद करतो. कोरडा पाट पाहून 'पाण्यावांचून पीक गेलें' असें म्हणावें, कीं 'पीक गेलें म्हणून पाट कोरडा पडला' असें म्हणावें? दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढ्यावरून त्यांतील कारण कोणतें आणि कार्य कोणतें, हें ठरत नाहीं. तें ठरविण्यास प्रयोग लागतो. सुदैवानें असा प्रयोग झालेला आहे.

न्यूयॉर्क येथील डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइक ह्यांनीं १९५९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनीं टक्कल पडलेल्या माणसाच्या मानेकडील, केस असलेल्या त्वचेचे बारीक तुकडे काढून ते माथ्यावरील उजाड जागेंत बसविले. माथ्याला रक्त अपुरें असतें, तर ह्या पाहुण्या केसांचीहि तेथें उपासमार व्हावयास हवी होती. तसें झालें नाहीं. ते त्या 'दुष्काळी' जमिनींत मानेवर वाढत तसेच वाढूं लागले. उलट टकलाच्या जागेवरील त्वचा केसाळ जागीं नेऊन बसविली, तर ती तेथेंहि उजाडच राहिली. १९७९ सालीं नॉर्डस्ट्रॉम ह्या शल्यचिकित्सकानें याच्याहि पुढचा दाखला दिला. टक्कल पडूं लागलेल्या जागेवरील केसांसह त्वचेचा तुकडा त्यानें त्याच माणसाच्या बाहूवर लावला. तेथें ना माथ्याचा ताणलेला पडदा, ना टोपी, ना शेवटच्या मुक्कामाचा प्रश्न. तरी डोक्यावरचे केस ज्या क्रमानें गेले, त्याच क्रमानें बाहूवरचेहि गेले. म्हणजे टक्कल जमिनींत नसून बियांत आहे. केस कोठें राहतो ह्यापेक्षां तो कोठून आला, ह्यावर त्याचें भवितव्य अवलंबून असतें. केशरोपणाची सर्व आधुनिक शस्त्रक्रिया ह्याच एका तत्त्वावर उभी आहे.

आणखी एक घरगुती पुरावा देतों. डोक्याला खोंक पडली म्हणजे किती रक्त वाहतें, हें खेळणाऱ्या मुलांच्या आयांना सांगावयास नको. डोक्याची त्वचा ही शरीरांतील अत्यंत रक्तसमृद्ध त्वचांपैकीं एक आहे. टक्कल पडलेल्या डोक्यालाहि जखम झाली तर तेथून भरपूर रक्त येतें आणि ती चांगली भरूनहि येते. जी त्वचा उपाशी आहे, तिची जखम अशी भरून येत नाहीं.

मग बियांत आहे तरी काय? ह्याचा पहिला धागा ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस ह्याच्या हातीं लागला होता. पौरुषग्रंथि काढून टाकलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाहीं, असें त्यानें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं नोंदवून ठेवलें आहे. त्याचा अर्थ लागण्यास १९४२ साल उजाडावें लागलें. मघाशीं उल्लेख केलेल्या हॅमिल्टननें ज्यांच्या शरीरांत पुरुषी अंतःस्राव पुरेसा निर्माण झाला नव्हता, अशा १०४ पुरुषांचें निरीक्षण केलें. वयांत येण्यापूर्वींच ज्यांच्या ग्रंथि निकामी झाल्या होत्या त्यांना टक्कल पडलें नव्हतें. त्यांना टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी अंतःस्राव टोंचून दिला, तेव्हां ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस जाऊं लागले; ज्यांच्या घराण्यांत नव्हतें त्यांचे राहिले. औषध थांबवितांच टक्कल पुढें सरकावयाचें थांबलें, परंतु गेलेले केस परत आले नाहींत. ह्या एका निरीक्षणांत टकलाच्या दोन्ही जनकांचीं नांवें मिळालीं. एक अंतःस्राव, दुसरें आनुवंशिकता. एकट्या एकाचें कांहीं चालत नाहीं.

दुसरा धागा १९७४ सालीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सालिनास नांवाच्या खेड्यांत मिळाला. डॉक्टर ज्यूलियन इंपेराटो-मॅकगिन्ली ह्यांनीं तेथील कांहीं कुटुंबांतील अशा पुरुषांचें वर्णन केलें, कीं ज्यांच्या शरीरांत टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हें त्याहून जोरकस द्रव्य तयार करणारें एक पाचक जन्मतःच अपुरें होतें. हे लोक वयांत आल्यावर बळकट बांध्याचे पुरुष होत. पण त्यांची दाढी विरळ राही, आणि त्यांना टक्कल पडत नसे. गुन्हेगार सांपडला. तो टेस्टोस्टेरॉन स्वतः नव्हे, त्याचें हें जोरकस रूप होय.

येथें निसर्गाची एक गंमत पाहण्यासारखी आहे. ज्या द्रव्यानें तरुणाच्या हनुवटीवर दाढी येते, त्याच द्रव्यानें त्याच्या माथ्यावरचे केस खुजे होतात. द्रव्य एकच, पण निरनिराळ्या जागचे रोमकूप त्याला निरनिराळें उत्तर देतात, आणि मानेकडचे रोमकूप तर त्याची दखलच घेत नाहींत. म्हणून टक्कल पडलेल्या पुरुषांत पौरुष अधिक असतें ही समजूत, आणि तें कमी असतें ही भीति, दोन्ही निराधार आहेत. त्यांच्या रक्तांतील टेस्टोस्टेरॉन साधारणतः इतरांएवढेंच असतें. त्यांच्या माथ्यावरचे रोमकूप मात्र त्याला अधिक भुलणारे असतात. हा भुलण्याचा स्वभाव जन्मतः मिळतो. टक्कल आईच्या घराण्यांतून येतें, म्हणून मामाचें डोकें पाहावें, असें लोक म्हणतात; त्यांत अर्धें सत्य आहे. ह्या द्रव्याला रोमकूपांत दार उघडून देणाऱ्या घटकाचें बीज पुत्राला आईकडूनच मिळणाऱ्या क्ष-गुणसूत्रावर असतें. पण टकलाशीं संबंध असलेलीं शेंकडों आनुवंशिक स्थानें आजवर सांपडलीं आहेत, व तीं आईबापांच्या दोन्ही घराण्यांतून येतात. मामाबरोबर वडिलांचें व आजोबांचेंहि डोकें पाहावें, हें उत्तम.

तर मग रक्त निर्दोष सुटलें काय? पुरतें नाहीं. वाढत्या केसाभोंवतीं रक्तवाहिन्यांचें जाळें विणलें जातें व केस विश्रांति घेऊं लागला कीं तें आंखडतें. २००१ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हें जाळें विणणारें द्रव्य त्वचेंत वाढविलें, तेव्हां केस लौकर व जाड आले; तें द्रव्य अडविलें, तेव्हां ते बारीक झाले. म्हणजे रक्त हा नुसता प्रेक्षक नव्हे. नाटकाचा नायक तो नाहीं, पण नायकाच्या हांकेला धांवणारें पात्र तो आहे. रोमकूप खुजा झाला म्हणजे त्याच्या भोंवतालच्या वाहिन्याहि ओसरतात, आणि १९८९ सालीं मोजलेल्या त्या घटलेल्या प्रवाहाचा एक सयुक्तिक अर्थ असा लागतो.

हाच धडा एका औषधानेंहि दिला. मिनॉक्सिडिल हें औषध वाढलेला रक्तदाब उतरविण्यासाठीं १९७९ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें रक्तवाहिन्या रुंद करतें. तें पोटांत घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर व चेहऱ्यावर केस वाढूं लागले, आणि १९८८ सालीं तेंच औषध टकलावर लावण्यासाठीं मान्य झालें. रक्ताच्या उपपत्तीचा हा विजय आहे, असें पुष्कळांना वाटलें. पण रक्तवाहिन्या रुंद करणारीं औषधें वैद्यांजवळ इतरहि पुष्कळ आहेत, आणि त्या सर्वांनीं केस वाढतात असें मुळींच नाहीं. मिनॉक्सिडिल रोमकूपाच्या पेशींवर स्वतः कांहीं कार्य करतें, व रोमकूपांतील एका पाचकानें त्याचें रूपांतर झाल्यावांचून त्याचा गुण येत नाहीं, असें आज मानलें जातें.

आतां माझ्या तरुण मित्राच्या पिशवीचा हिशेब करूं. शीर्षासन हा व्यायाम ज्याला मानवतो त्यानें अवश्य करावा. पण त्यानें केस येतात असें दाखविणारा प्रयोग नाहीं, आणि मान किंवा डोळे दुखत असतील अथवा रक्तदाब असेल तर तें अपायकारक होऊं शकेल. तेलाचें म्हणाल तर माक्याचें, ब्राह्मीचें, आवळ्याचें, नारळाचें, कोणतेंहि तेल केसाला मऊपणा देतें, तो तुटूं देत नाहीं, आणि आजीच्या हातानें लावलें तर झोंपहि चांगली येते. एवढें श्रेय त्याला द्यावें. खुजा रोमकूप त्यानें मोठा होत नाहीं. मर्दनाचा एक प्रयोग जपानांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. नऊ निरोगी पुरुषांच्या डोक्याच्या एका भागावर रोज चार मिनिटें, चोवीस आठवडे मर्दन केलें. केस किंचित् जाड झाले, संख्येनें वाढले नाहींत. नऊ माणसें, तींहि टक्कल नसलेलीं! एवढ्या पायावर आईची पाटली विकण्याइतकी इमारत उभी राहत नाहीं.

मग उपाय कोणते? पहिला, मिनॉक्सिडिल माथ्यावर नियमानें लावणें. गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात; आरंभीं कांहीं आठवडे केस अधिक गळल्यासारखे वाटतात, त्यानें घाबरून जाऊं नये; आणि लावणें थांबविलें कीं मिळालेलें काहीं महिन्यांत जातें. दुसरा, फिनॅस्टराइड. सालिनास खेड्यांतील त्या निरीक्षणानें ह्या औषधाच्या शोधास दिशा दिली. तें त्याच पाचकाला आळा घालतें. मूत्रमार्गाशेजारच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर तें १९९२ सालीं, आणि टकलासाठीं रोज एक मिलिग्रॅम ह्या मात्रेंत १९९७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. पुष्कळांत त्यानें टक्कल पुढें सरकावयाचें थांबतें. परंतु थोड्या जणांत कामेच्छा मंदावणें, मन उदास होणें असे परिणाम दिसतात. गर्भवती स्त्रीनें त्याच्या फुटलेल्या गोळीला हातहि लावूं नये. आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीं करतात त्या रक्तपरीक्षेचा आंकडा त्यानें निम्म्यावर येतो, म्हणून परीक्षा करणाऱ्यास तें सांगावें लागतें. वैद्याच्या सल्ल्यावांचून तें घेण्याचें औषध नव्हे. तिसरा उपाय केशरोपणाचा. तो निष्णात शल्यचिकित्सकाकडूनच करवावा. कारण मानेकडचा सांठा मर्यादित आहे, आणि एकदां उधळला कीं पुनः भरत नाहीं.

ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जे केस अजून पुरते खुजे झालेले नाहींत, त्यांना वांचविणें सोपें. लव झालेल्यांना परत मोठें करणें कठीण. म्हणून वेळ हें ह्या विकारांतलें खरें भांडवल आहे. तेलाच्या सात बाटल्यांत त्या तरुणाचे पैसे गेले, हें मला तितकें वाईट वाटलें नाहीं. त्याचीं तीन वर्षें गेलीं, हें अधिक वाईट वाटलें.

रक्ताविषयीं आणखी एक शब्द. अमेरिकेंतील सुमारें बावीस हजार पुरुष डॉक्टरांच्या माहितीवरून २००० सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, भोंवऱ्यावर टक्कल असलेल्यांत हृदयविकाराचें प्रमाण कांहींसें अधिक आढळलें. ह्याचा अर्थ टकलानें हृदय बिघडतें असा नव्हे. पाटाचा आणि पिकाचा दृष्टांत येथेंहि लक्षांत ठेवावा. पण माथ्याच्या रक्ताची एवढी काळजी करणाऱ्या माणसानें एकदां दंडाला पट्टा बांधून आपला रक्तदाब पाहून घ्यावा, तंबाखू सोडावी, रोज चालावें. रक्ताभिसरणाची चिंता तेथें खरोखर फळाला येते.

मीं हें सर्व त्या तरुणाला अशाच क्रमानें सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे डॉक्टरसाहेब, इतकीं वर्षें मी करीत होतों त्यांत माझी कांहीं चूक नव्हती? नीट खाल्लें नाहीं, नीट तेल लावलें नाहीं, असें कांहीं?" मीं म्हटलें, "नाहीं. तुम्हीं कांहींच चुकीचें केलें नाहीं. तुमच्या डोक्याला रक्त भरपूर आहे." तेव्हां त्याचे डोळे भरून आले. केस जाण्यापेक्षां ते आपल्याच हलगर्जीपणानें गेले ह्या समजुतीनें तो अधिक खचला होता, हें मला त्या क्षणीं कळलें; आणि ज्या जाहिराती ही समजूत पेरतात, त्या तेल विकण्यापूर्वीं अपराधीपणा विकतात, हेंहि कळलें.

त्यानें औषध सुरू केलें आहे. पुढचे कोपरे कांहीं भरले नाहींत. भोंवऱ्याची चकती मात्र वाढावयाची थांबली आहे. दिवाळीनंतर त्याची आई एकटीच माझ्याकडे येऊन गेली. तिसरें स्थळ आलें तेव्हां मुलीला पाहावयास गेल्यावर त्यानें आपण होऊन टोपी काढली आणि म्हणाला, "हें असें आहे; पुढें आणखी जाईल." मुलगी म्हणे हंसली, आणि म्हणाली, "आमच्या बाबांचेंहि असेंच आहे."

ज्या श्रोत्यांच्या माथ्यावर आज आरशाला नवी जागा दिसूं लागली असेल, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. रक्ताला दोष देऊं नका, स्वतःला तर मुळींच देऊं नका. उपाय करावयाचा असेल तर लौकर व जाणत्याच्या सल्ल्यानें करा. करावयाचा नसेल तर निर्धास्तपणें करूं नका. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. मी स्वतः दुसरा पत्करला, आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाहीं.